चुन्याचं पाणी मी पांढरं ठेवलं

कालिंदा,

पालमच्या बसस्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि फोटो काढणाऱ्याला 'आटप लवकर, गाडी सुटायलीय' म्हणतानाचं तुझं तोंड. खाली ओळ आहे: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' तुझ्या आगारातल्या पोरांनी मायेनं लावलाय, त्यांचा काही दोष नाही. फ्लेक्सवाल्याकडं हा मजकूर तयारच असतो, फोटो आणि नाव तेवढं बदलायचं. पण मी ती ओळ तीनदा वाचली आणि भर स्टँडवर माझ्या तोंडून शिवी गेली. रसवंतीवाला वळून बघायला लागला. मी, शाळेतला मास्तर, शिवी देतो हे झरीत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अल्पसा नव्हता तुझा आजार. तेहेतीस वर्षं तो तुझ्या रक्तात होता, आणि तो तिथं कसा गेला हे मला ठाऊक आहे. दाजींना माहीत नाही, तुझ्या लेकीला, ऋतुजाला माहीत नाही. तुला माहीत होतं. आपण दोघांनीही ते कधी मोठ्यानं म्हटलं नाही. आता मी म्हणणार आहे. तू ऐक, आणि नेहमीसारखी मधे बोलू नकोस.

तू चौदा वर्षांची होतीस. पावसाळ्यात आडाचं पाणी गढूळ झालं, गावात कावीळ आली, तुलाही झाली. आपलं घर म्हणजे कावीळ उतरवणारं घर. दर रविवारी उपाशीपोटी माणसं यायची. झरीची, पार पालमची, चुडाव्याहून रेल्वेनं परभणीला आणि तिथून एसटीनं आपल्या अंगणात. एक रुपया घ्यायचा नाही, नारळसुद्धा घ्यायचा नाही. माणसाचं नाव विचारायचं नाही, मोजायचं नाही, लिहून ठेवायचं नाही. आणि औषध घेऊन जाताना त्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर औषध उतरतं, गुण जातो. आपल्या बापूंना त्यांच्या बापानं, आपल्या आज्यानं दिलेले हे दंडक. औषध म्हणजे काय, तर डाव्या मनगटावर तांब्याच्या सुईनं तीन ओरखडे, रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत, आणि त्यात पाल्याचा रस चोळायचा. पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. आता सांगतो: बांधावरचा तरोटा होता तो.

त्या रविवारी बापूंनी सुई पहिल्यांदा माझ्या हातात दिली. "घरच्यापासून सुरू कर," म्हणाले. मी वीस वर्षांचा. तुझ्या आधी त्या दिवशी सहा-सात माणसं होऊन गेली होती. सुई एकच. प्रत्येकानंतर हळदीच्या फडक्याला पुसायची. मी तुझं मनगट धरलं तर माझाच हात कापायला लागला, आणि तू बापूंच्या समोर म्हणालीस, "दादा, सुई धरायलास का साप?" सगळं अंगण हसलं. मी ओरखडे काढले, गरजेपेक्षा खोल.

कावीळ पंधरा दिवसांत गेली. ती जाणारच होती. पाण्यातनं आलेली कावीळ बहुतेकांची आपोआप जाते, हे मला नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. बत्तीस वर्षं मी दर रविवारी दुसऱ्यांच्या शरीरानं केलेल्या कामाचं पुण्य घेतलं. आणि सुई पुसायला फडकं तेच.

तुला वाटत असेल, एवढं कशाला उगाळायलास. सुईचं निदान अज्ञान तरी होतं. मला खरं सांगायचंय ते पुढचं.

सात वर्षांमागं तुमच्या आगारात रक्तदान शिबिर झालं. तू हौसेनं रक्त दिलंस, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन आलीस. महिन्याभरानं रक्तपेढीची चिठ्ठी आली. ती घेऊन तू सुट्टीच्या दिवशी थेट माझ्याकडं आलीस, दाजींनाही न दाखवता. चिठ्ठीत होतं, हिपॅटायटीस सीची तपासणी संशयास्पद आहे, पुन्हा तपासून घ्या. खाली प्रश्नांची यादी होती: पूर्वी रक्त घेतलं होतं का, शस्त्रक्रिया झाली होती का, गोंदवून घेतलं होतं का, न उकळलेली सुई कधी टोचली होती का.

तू म्हणालीस, "दादा, ही कावीळच ना? मग तुझ्या खात्यातली हाय. बग."

मी शेवटचा प्रश्न वाचला आणि चिठ्ठी उलटी करून ठेवली.

आपल्याकडं कावीळ बघायची परीक्षा तुला माहीत होती. हातावर चुन्याचं पाणी ओतायचं. पाणी पिवळं झालं की कावीळ. तुला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं की पाणी ओतण्याआधी आम्ही हाताला जो 'मंतरलेला' रस चोळतो तो आंब्याच्या अंतरसालीचा असतो, आणि अंतरसालीला चुना लागला की कुणाच्याही हाताचं पाणी पिवळं होतं. राजाच्या, रंकाच्या, धडधाकट माणसाच्या. बापू म्हणायचे, साल रोग ओढून घेते. मी मानत होतो की मानायचं सोंग करत होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी मी तुझ्या हाताला साल चोळली नाही. ठरवून चोळली नाही. नुसतं चुन्याचं पाणी ओतलं आणि ते पांढरंच्या पांढरं खाली पडलं.

"बग," मी म्हणालो, "दुधासारखं पाणी हाय. तुला कावीळ न्हाई. डोळे पांढरे, नखं लाल. मशीन चुकलं असंल त्यांचं."

तुझा चेहरा जो सैल झाला तो मला रोज दिसतो. "सुटले बाई," म्हणालीस, "मला वाटलं नोकरी जाती आता." मग माझ्या बायकोच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्लास, दोन भाकरी बांधून घेतल्यास आणि चारची गाडी पकडलीस. चिठ्ठी मी ठेवून घेतली. 'उगं घरात ठेवू नको, दाजी घाबरतील,' असं सांगून. ती अजून आहे माझ्याकडं.

तेव्हा तुला काहीच होत नव्हतं. तीन महिने गोळ्या घेतल्या असत्यास तर सगळं मिटलं असतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या. तू म्हणशील, "दादा, तुला तरी कुठं ठाऊक होतं?" नव्हतं. पण ज्याला ठाऊक होतं त्याच्याकडं जाणारी वाट मी अडवली, आणि ती तुझ्यासाठी नाही अडवली. त्या चौथ्या प्रश्नासाठी अडवली.

मग चार हिवाळ्यांनी तुझ्या पायांवर ठिपके आले. डाळिंबाच्या दाण्यांएवढे, लालजांभळे, गुडघ्याखाली दाट. बोटानं दाबलं तरी फिके पडेनात. दिवसभर गाडीत उभी राहिलीस की वाढायचे, सुट्टीला कमी व्हायचे. तुमच्या आगारात कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं डिझेलचा वास बाधला. तू सब्जा प्यायलीस. मग सांधे धरले. मग बोटांना मुंग्या, सुट्टे पैसे हातातून गळायला लागले आणि कुण्या म्हाताऱ्यानं तुला टोमणा मारला, "बाई, सकाळी सकाळी घेतली का काय?" हे सांगताना तू इतकी हसलीस की मीही हसलो.

परभणीच्या डॉक्टरांकडं मी तुझ्यासोबत होतो. त्यांनी ठिपके बघून सांगितलं की रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, शरीर स्वतःवरच उलटलंय. मग त्यांनी विचारलं, "यांना कधी कावीळ झाली होती? काही सुया, टोचणं, असलं काही?"

तू माझ्याकडं बघितलंस.

मी म्हणालो, "न्हाई. तसलं काही न्हाई."

आणि तू, कालिंदा, तू डावा हात पदराखाली घेतलास. बांगड्यांचा आवाजही होऊ दिला नाहीस. त्या क्षणी मला कळलं की तुला कळलंय. बाहेर आल्यावर आपण चहा प्यायलो. तू पावसाबद्दल बोललीस, मी शाळेच्या बदल्यांबद्दल बोललो. त्या डॉक्टरांनी आपण दिलेल्या उत्तरावर औषध दिलं. सूज दाबणाऱ्या गोळ्या. ठिपके गेले, तोंड सुजलं, तू म्हणालीस, "बग, गोरी झाले." पण आत जो होता त्याला त्या गोळ्यांनी मोकळं रान मिळालं. अकरा महिने. मग एका सकाळी तुला पायरीवर पाऊल उचलता येईना, आणि लघवीला फेस यायला लागला.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई वयानं तुझ्या ऋतुजापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी काही विचारलं नाही, सरळ सगळं तपासायला लावलं. रक्ताची एक नळी त्यांना गरम ठेवूनच तपासायची होती. थंड झालं की तुझ्या रक्तातलं काहीतरी साकळायचं, म्हणून तंत्रज्ञानं ती नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये घातली. तू त्याला म्हणालीस, "माज्या रक्ताला थर्मास! आमच्या डायवरला चहाला मिळंना झालाय." तो पोरगा हसत हसत जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. विषाणू लिव्हरमध्ये राहतो, तीस तीस वर्षं गुमान राहतो. त्याला धरायला शरीर आपली प्रथिनं पाठवतं. काही जणांत ती प्रथिनं आणि विषाणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, ते गठ्ठे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात आणि तिथं जाळ होतो. कातडीत झाला की ठिपके. नसांजवळ झाला की पाय लुळा. मूत्रपिंडात झाला की फेस. मी मान हलवत होतो, डोक्यात काही शिरत नव्हतं. तूच म्हणालीस:

"म्हंजे मॅडम, गाडीत पाकीटमार चढला. त्याला धरायला आक्खी गाडी दारात आली. चोर बी आडकला, पब्लिक बी आडकलं, आन मोडलं कोण? माजं दार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी आता सगळ्यांना असंच सांगणार." त्यांना पुन्हा भेटलो तेव्हा म्हणाल्या, सांगते.

त्या दिवशी मी तोंड उघडलं. तीन ओरखड्यांचं सांगितलं. चिठ्ठीचं नाही, चुन्याचं नाही. एवढंच. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अजून किती जणांना?" मी म्हणालो, मोजायचं नसतं. मग म्हणालो, आमी नाव लिहीत न्हाई. त्यांनी कागदावरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला शिवीपेक्षा जास्त लागली. तुलाही त्याच सुईनं झालं का, हे आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही असं त्या म्हणाल्या. मी सांगू शकतो. दुसरी सुई तुझ्या आयुष्यात आलीच कुठं, रक्तदानाची सोडून?

विषाणूवरच्या तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या, तपासणी झाली, विषाणू नाही असा कागद आला. तू तो कागद माझ्या तोंडापुढं हलवलास. "घे. चोर उतरला गाडीतून." आणि मग हळू, "पण दार मोडलेलंच हाय ना रे." मूत्रपिंडं काही सुधारली नाहीत. आठवड्यातून दोनदा नांदेड, डायलिसिसला. त्या प्रवासात तू मला बारकावे शिकवलेस. कुठल्या वळणावर कोण हात करतं, कुठल्या म्हातारीला अर्धं तिकीट हवं असतं आणि वय चोरायचं नसून वाढवायचं असतं.

आपलं भांडण तिथंच झालं, परतीच्या गाडीत. शेवटचं, आणि अर्धवट राहिलेलं.

तू विचारलंस, "रविवारी माणसं यायलीत का अजून?"

"येतात."

"टोचतोस?"

"आता नवीन सुई घेतो प्रत्येकाला. मेडिकलमधून."

"आन औषध तेच? तरोटा?"

मी तिकिटाची घडी घातली.

"दादा, तुमची विद्या लय हुशार हाय. म्हनती, मागं वळून बगू नका. कामून? कारण बगितलं तर दिसंल ना, कोण बरं झालं आन कोण मेलं! मी वीस वर्षं गाडीवर हाय. मागं बगितल्याबिगर एकदा बी डबल घंटी मारली न्हाई. कुणाचा पाय पायरीवर आसतो, कुणाचं लेकरू खाली राहिलेलं आसतं. तू एकदा तरी मागं बगितलंस का?"

मी म्हणालो, "बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हणजे बघू. घरात वडीलधारे नाना हायेत, घराणं हाय. एकदम बंद कसं करणार?"

तू खिडकीकडं तोंड केलंस ते झरीचा फाटा येईपर्यंत. मी उतरताना तू फक्त म्हणालीस, "माज्या दहाव्याला भाषण करू नको. बंद कर." मी हसण्यावारी नेलं. तीन महिन्यांनी तू गेलीस.

चुन्याचं तुला माहीत होतं का? हा एकच प्रश्न मला जाळतो. अंतरसाल चोळली नव्हती हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तू लहानपणी परातीत साल कुटायला बसायचीस. तुला कळायला हवं होतं. मग वाटतं, कळलं असेल, आणि मला हवं ते पाणी मला दिसू दिलंस. पदराखाली हात घेतलास तसंच. असं असेल तर कालिंदा, मी तुझ्यावर चिडलोय. खरंच चिडलोय. मला वाचवायचा हक्क तुला कुणी दिला होता? भांडायला हवं होतंस. रक्तपेढीची चिठ्ठी माझ्या हातातून हिसकून घ्यायला हवी होतीस. प्रवाशांशी दोन रुपयांच्या सुट्ट्यांवरून भांडणारी तू, सख्ख्या भावापुढं गप्प का बसलीस?

पण हेही लिहितो, कारण आज सगळंच लिहायचंय. तू गप्प बसलीस त्या दिवसांत मला जगता आलं. ते तुझं देणं मी नाकारत नाही. त्याच्यावर जगलो आणि त्याचीच लाज वाटते.

आता या रविवारचं सांगतो.

सुतकात औषध बंद होतं. तेरावा झाला तसे नाना म्हणाले, "चल, आता चालू कर. लोकं खोळंबलेत." आपले चुलते ऐंशी वर्षांचे, खाटेवर बसून अजून सगळ्यांना हुकूम सोडतात. सकाळी सातला अंगणात पंधरा-वीस माणसं. मी सुईची डबी आणलीच नाही. हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "औषध बंद हाय."

चुडाव्याची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. म्हणाली, "सुतक हाय का आजून? मग फुडल्या आयतवारी यिऊ."

"सुतक संपलं मावशी. औषधच बंद हाय. कायमचं. नातवाला आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या. इथं काही मिळत नव्हतं. कधीच मिळत नव्हतं."

मग मी साल आणली, चुना आणला आणि माझ्याच हातावर ओतून दाखवलं. पिवळं पाणी. नानांच्या हातावर ओतलं, ते ओरडेपर्यंत. पिवळं. शेजारच्या म्हशीच्या दावणीतल्या दगडावर साल चोळून ओतलं. पिवळं. "दगडाला कावीळ झाली," मी म्हणालो. एक-दोघं हसली, बाकीच्यांना हसावं का मारावं कळेना.

मग तुझं सांगितलं. सुई, चिठ्ठी, पांढरं पाणी, डॉक्टरांपुढचं 'न्हाई'. तुझं नाव घेऊन सांगितलं. नाना खाटेवरून उठले, काठी आपटली. "तोंड बंद कर! विद्या मोडली तर वंश बुडतो, तुझ्या आज्याचं वाक्य हाय!"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोललो. "बुडालाच की नाना. एक गेली. दुसरा तुमच्यापुढं उभा हाय."

कारण तेही आहे, कालिंदा. नांदेडच्या बाईंनी दटावून माझं रक्त घेतलं होतं. बापूंनी माझ्याही डाव्या मनगटाला लहानपणी टोचलं होतं. माझ्यातही तोच आहे. माझ्या अंगावर एक ठिपका नाही, पाय धडधाकट, लघवी साफ. तोच चोर, पण माझ्या दारात गर्दी झाली नाही. का नाही, हे बाईंनाही सांगता येत नाही. मी गोळ्या सुरू केल्यात. तुझ्या ऋतुजाचं रक्त स्वच्छ निघालं, हे तुला आधी सांगायला हवं होतं. माफ कर. मला चांगलं आधी सांगायची सवय नाही.

अंगणातली माणसं उठायला लागली. कुणी पुटपुटत, कुणी शिव्या देत. एक जण मागं रेंगाळला. चाळिशीचा, धोतर-टोपीवाल्यांत एकटाच पॅन्ट घातलेला. "बुवा, मला तुमी चार वर्षांमागं टोचलं व्हतं. माजं काय?"

"तपासून घ्या. निघालं तरी भिऊ नका, बरं होतं. वेळेत निघालं तर नक्की बरं होतं." मग मी खिशातून शाळेतली वही काढली. "नाव सांगा."

त्याला विचित्र वाटलं. आपल्या अंगणात कुणी कुणाचं नाव विचारलेलं त्यानंही ऐकलं नव्हतं. तरी सांगितलं. मी लिहिलं. गाव लिहिलं. त्याच्यासोबत अजून कोण आलं होतं तेही विचारून लिहिलं. चार नावं झाली. आता हीच वही घेऊन रोज शाळा सुटल्यावर एका गावाला जायचं ठरवलंय, एसटीनंच. आठवतील ती तोंडं शोधायची आणि दार वाजवायचं. मारलं तर मार खायचा. नाना बोलत नाहीत, न बोलू देत. गावात कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झालाय, बहिणीच्या दुःखानं. तसं म्हणणाऱ्याला मी थांबवून सांगतो: दुःखानं नाही, हिपॅटायटीस सीनं. पुन्हा म्हणून दाखव.

तो माणूस फाटकापर्यंत गेला. आणि सवयीनं, मान ताठ ठेवून, मागं न बघता निघाला. मला तू दिसलीस. मागच्या दारात, दोरीला हात लावून, ओरडणारी.

"ओ पाव्हणं! मागं बगा!"

तो थबकला. तसाच, पाठमोरा. "बगितलं तर औषध उतरतं म्हणत व्हता ना बुवा?"

"उतरू द्या. बगा तुमी."

तो वळला. मी डावं मनगट वर धरून उभा होतो, बाही मागं सारून.